पाणी फोडणारीचा काठ

आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाच्या मागे पोहले असेन तर आमच्या भुऱ्या म्हशीच्या. शेपटी धरायची नाही, असा बाबांचा दंडक होता. शेपटी धरली की म्हैस बिथरते आणि माणसाला ओढायची सवय लागते. शेपटीपासून हातभर अंतर ठेवायचं आणि तिनं कापलेल्या पाण्यात आपलं अंग सोडायचं. तिथलं पाणी हलकं लागतं. हात तेवढेच मारायचे, पण काठ लवकर येतो. पुढे गोंदियाहून आलेल्या एका सरांनी याला ड्राफ्टिंग म्हणतात असं सांगितलं आणि त्यामागचं शास्त्र समजावलं. आम्ही दोघी बहिणींनी मुकाट्यानं माना डोलावल्या. त्यांच्यापुढे म्हशीचं नाव काढणं बरं दिसलं नसतं.

आमचं गाव केशोरीच्या बाजूला. गावाला लागून मोठा तलाव आणि तलावाच्या पलीकडे आम्ही ठेक्यानं केलेल्या धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली शेतं. पाळीवरून, म्हणजे तलावाच्या बांधावरून, फिरून गेलं तर चालता चालता पाय मोडायचे, म्हणून आमच्या घरातली माणसं पोहून जायची. बायकासुद्धा. जेवणाचा डबा पालथ्या घागरीवर बांधायचा, घागर पुढे ढकलायची आणि निघायचं. लहानपणी आमच्या पाठीला वाळके भोपळे बांधून मायनं आम्हाला पाण्यात सोडलं होतं. भोपळे कधी सुटले ते आठवत नाही.

तलावात कमळाचे वेल आणि शिंगाडे फार. पावसाळा सरला की अर्धं पाणी वेलांनी झाकून जायचं. त्यातून जायचं तर सगळ्यात पुढच्या माणसानं छातीनं वेल बाजूला सारायचे. मागच्यांना वाट मोकळी मिळायची. याला आमच्याकडे पाणी फोडणं म्हणत. पाणी फोडणाऱ्याच्या छातीवर, हातांवर शिंगाड्याच्या काट्यांचे ओरखडे उठायचे. म्हणून एक रीत होती. ज्यानं पाणी फोडलं, काठ पहिला त्याचा. मागच्यानं कितीही दम असला तरी त्याच्या पुढे जायचं नाही. काठ जवळ आला की पाण्यातच थांबायचं. पुढचा काठावर चढणार, मागे वळणार, हात देणार आणि मग आपण वर यायचं. ही रीत कुणी बसून शिकवली नाही. जेवताना उजवा हात पुढे करावा हे तरी कोण शिकवतं?

माझी बहीण माझ्याहून दोन वर्षांनी लहान, आणि माझ्याहून कितीतरी चांगली पोहायची. हे मी तिच्या माघारी गोडवे गायचे म्हणून सांगत नाही, गावात कुणालाही विचारा. मी पाण्याशी भांडत पोहायचे. तिचं पाण्याशी कधी वाकडं आलंच नाही. पण थोरली मी, म्हणून पाणी फोडायचे मी आणि ती माझ्या मागे. मधूनच तिचं बोट माझ्या टाचेला लागायचं. मी आहे, एवढाच त्याचा अर्थ. त्या बोटाची मला इतकी सवय झाली होती की ते जरा वेळ लागलं नाही तर मी वळून बघायचे आणि ती हसत असायची.

"काऊन मागं पायतेस वो बाई? बुडली नाई मी."

थोरल्या बहिणीला आमच्याकडे बाई म्हणतात. अजूनही कुणी पोरगी रस्त्यात दुसरीला बाई म्हणून हाक मारते तेव्हा माझी मान वळते.

आमचा जिल्हा नवा झाला होता. भंडाऱ्यातून वेगळं होऊन दोनेक वर्षं झाली असतील. नव्या सुनेला जशी सगळ्याची हौस, तशी नव्या जिल्ह्यालाही होती. आपली कचेरी, आपले संघ, आपल्या स्पर्धा. त्यातच आमच्या तलावात पोहण्याची शर्यत ठरली. पोरींच्या शर्यतीत जी पहिली येईल ती जिल्ह्याकडून राज्याच्या स्पर्धेला जाणार. निवड करायला गोंदियाहून आलेले ते सर माझ्या बहिणीला पोहताना बघून मायला म्हणाले, "इस लड़की को घर में मत बिठाना. तिथं चांगली आली तर खेळाच्या वसतिगृहात जागा मिळू शकते. शिक्षण, राहणं, सगळं."

मायनं हे बाबांना सांगितलं. बाबा जेवत होते.

माझं लग्न येणाऱ्या उन्हाळ्यात ठरलेलं होतं. बहिणीची बारावी होऊन ती घरी बसली होती आणि तिलाही एक स्थळ सांगून आलं होतं, दरेकसाकडचं. मुलगा चांगला, घरची शेती, जंगलाचं थोडं काम. बाबांचा हिशोब साधा होता. मांडव एकच घालायचा आणि त्यात दोन नवऱ्या उभ्या करायच्या. आमच्याकडे असं पुष्कळ घरी होतं आणि कुणाला त्यात वावगं दिसत नाही. घास गिळून बाबा पाणी प्यायले आणि म्हणाले, "पयली आली त मांडवात एकच नवरी. नाई आली त दोघी. मंग माह्याशी हुज्जत नोको."

बाबा वाईट नव्हते. त्यांच्या परीनं त्यांनी पोरीला एक संधी दिली होती, आणि शब्द दिला की ते तो पाळत. बहीण चुलीपाशी बसली होती. तिच्या तव्यावरची भाकर करपली. भाकर करपवणारी पोरगी ती नव्हे. तिला जायचं होतं. ते तिनं तोंडानं कधीच म्हटलं नाही आणि घरातल्या प्रत्येकाला कळलं.

शर्यतीला गोंदियाची एक पोरगी येणार होती. तरण तलावात शिकलेली, डोळ्यांना पोहण्याचा चष्मा, डोक्याला रबरी टोपी. सरांनी आम्हाला तिचं पोहणं वर्णन करून सांगितलं आणि वर सल्ला दिला, "पीछे रहो. किसी के पैर के पीछे. ताकत बचाके रखो और आखिर में निकल जाओ." मागे राहणं नियमात बसतं का, असं मी विचारलं. ते म्हणाले, बसतं. सगळे असंच पोहतात.

म्हणून मी बेत केला. मीही शर्यतीत उतरायचं. सगळा तलाव मी फोडायचा, बहिणीनं माझ्या टाचेशी राहायचं. गावच्या घाटापासून वीस-पंचवीस हातांवर पाण्यात एका वाळलेल्या झाडाचं खोड उभं होतं. बगळे बसायचे त्याच्यावर. त्या खोडापाशी मी बाजूला व्हायचं आणि तिनं पुढे निघायचं. तिच्यात तेव्हा दम शिल्लक असणार आणि दम शिल्लक असलेल्या माझ्या बहिणीला वीस हातात गाठणारी पोरगी त्या जिल्ह्यात नव्हती, यावर मी आजही पैज लावीन.

बाबांनी बेत ऐकला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "पाणी एकीनं फोडाचं अन् काठ दुसरीनं घ्याचा? हे काई खरं नाई."

"मी देऊन रायली तिले," मी म्हटलं. "मालकानंच देल्लं त चोरी कायची?"

माझं तोंड तेव्हाही तिखट होतं. मग मी बहिणीला विचारलं, "निंगशील न खोडापाशी?" ती म्हणाली, "निंगीन न बाई." आम्ही चार-पाच वेळा सरावही केला. मी बाजूला व्हायचे, ती सुळकन पुढे जायची. पण सराव आम्ही काठाकडून तलावाच्या मधोमध जाताना करायचो, कारण घाटावर बायका कपडे धूत असायच्या. त्या उलट्या दिशेला समोर काठ नसतो, हे माझ्या डोक्यात आलंच नाही.

शर्यतीच्या दिवशी अर्धा तालुका पाळीवर बसला होता. डोंगे घालून वेल काढलेले होते आणि दोरीला लाल कापडं बांधून वाट आखली होती. थंडीचे दिवस. पलीकडच्या काठावर आम्ही ओढण्या कमरेला आवळून बांधल्या. गोंदियाची पोरगी काळ्या पोशाखात आली तेव्हा सगळे बघत राहिले आणि ती बिचारी हात छातीशी धरून थरथरत उभी राहिली. माझ्या बहिणीनं तिला आपली शाल दिली. "ठंड है ना," एवढंच म्हणाली. शिट्टी होईपर्यंत ती पोरगी आमच्या घरची शाल पांघरून उभी होती.

शिट्टी झाली. मी पाणी फोडलं. वेल नव्हते तरी मी छातीनंच पोहले, जसं काही समोर सगळा शिंगाडा माजलाय. माझ्या टाचेला बोट लागत होतं. लागत होतं, लागत होतं. मला एवढा आनंद त्यानंतर फार थोड्या वेळा झाला. मागे आणखी कुणाचं तरी पाणी वाजत होतं, ती गोंदियाची पोरगी होती. ती माझ्या बहिणीच्या पायाशी लागली होती. हुशार होती. तिनं काहीच वावगं केलं नाही, तिच्या सरांनी तिलाही तेच शिकवलं असणार. बाकीच्या पोरी कधीच मागे पडल्या होत्या.

खोड आलं. मी उजवीकडे सरले आणि ओरडले, "जाय!"

माझ्या शेजारून कुणी गेलं नाही. मी वळून पाहिलं. बहीण थांबली होती. घाट समोर दिसत होता, त्यावर माय उभी होती, आणि माझी बहीण पाण्यात उभ्यानं पाय मारत थांबली होती, जशी ती जन्मभर काठापाशी थांबत आली होती.

"जाय न वो!" मी पुन्हा ओरडले.

ती माझ्याकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर अचंबा होता, जणू तिलाच कळत नव्हतं काय होतंय. तेवढ्यात तिच्या डाव्या बाजूनं काळी टोपी निघाली. मी हात मारले, पण माझ्यात काही उरलं नव्हतं, सगळं मी तलावात खर्चून बसले होते. मग बहिणीचेही हात हलले, पण तेव्हाही ती माझ्या मागेच आली. गोंदियाची पोरगी पहिली. मी दुसरी. घाटाच्या पायरीवर चढून मी वळले आणि तिला हात दिला. दुसरं काय करणार? तिचा हात थंडगार होता.

ती पोरगी धापा टाकत आमच्याकडे आली. जिंकल्याचा आनंद तिला धड घेता येत नव्हता. माझ्या बहिणीला म्हणाली, "तुम रुक क्यों गई? तुम तो निकल रही थी."

बहीण म्हणाली, "पानी बाई ने फोडा था."

त्या पोरीला काही कळलं नाही. पण ती गेली ती थेट सरांकडे आणि तिनं त्यांना काहीतरी सांगितलं. ते आमच्याकडे बघून हळहळले, पण नियम तो नियम. जाताना ती माझ्या बहिणीच्या गळ्यात पडली आणि तिनं आपला डोळ्यांचा चष्मा तिच्या हातात ठेवला. खिलाडूपणा म्हणजे काय यावर मी पुढे शाळेत मास्तरीण झाल्यावर मुलांपुढे बरंच बोलले आहे. बोलताना मला शाल देणारी एक पोरगी दिसते आणि चष्मा काढून देणारी दुसरी. त्या दोघींपैकी कुणाचंही चुकलं नाही आणि तरी माझ्या बहिणीच्या हातातोंडाशी आलेला घास गेला.

पाळीवरच्या म्हाताऱ्या माणसांनी मात्र माझ्या बहिणीचं भारी कौतुक केलं. रीत पाळली म्हणाले. एकानं बाबांच्या पाठीवर थाप मारली, पोरीले वळण चांगलं लावलं म्हणून. बाबा हसले नाहीत. घरी आल्यावर ते कितीतरी वेळ ओट्यावर बसून होते. मला वाटतं, त्या दिवशी त्यांनाही आपल्या शब्दाचं वाईट वाटलं होतं. पण शब्द दिलेला होता.

मांडव उभा राहिला. एका मांडवात दोघी. हळद आधी मला, मग तिला. अक्षता आधी माझ्यावर, मग तिच्यावर. पाठवणीच्या वेळी माझी गाडी पुढे काढली. ती मागच्या गाडीतून वाकून म्हणाली, "इथंबी तूच फोड पाणी." सगळ्या बायका रडत होत्या, आणि त्यात आम्ही दोघीच हसलो.

मला अर्जुनीच्या बाजूला दिलं, तिला दरेकसाकडे. माझ्या नवऱ्यानं मला शिकू दिलं, मी नोकरीला लागले. तिच्याही घरची माणसं चांगली होती, तक्रार करायला जागा नव्हती. फक्त तिथं पोहण्याजोगं पाणी नव्हतं. डोंगर, जंगल, पावसाळ्यात धावणारे आणि उन्हाळ्यात आटणारे नाले. मी तिच्याकडे एकदाच राहायला गेले. गोंदियाहून पॅसेंजर, लहानसं स्टेशन, तिथून चालत. तिनं मला घर दाखवलं, परसातली वांगी दाखवली. खुंटीवर तो डोळ्यांचा चष्मा टांगलेला होता. "धान उडवताना लावतो," ती म्हणाली, "भुसा जात नाई डोळ्यात." आणि मी पोचल्या पोचल्या तिनं पहिली गोष्ट विचारली होती ती, "तलावाले पाणी कसं हाय औंदा?"

एका दिवाळीत आम्ही दोघी माहेरी होतो. गावात मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा, भरली होती, सगळे दंडारीचा खेळ बघायला गेले होते. आम्ही दोघी लेकुरवाळ्या बायका तलावावर गेलो आणि आजूबाजूला कुणी नाही असं बघून पाण्यात उतरलो. पलीकडे जाऊन परत आलो. मी पुढे, ती मागे, टाचेला बोट. घाटावर ओले केस पिळत बसलो तेव्हा मी इतक्या वर्षांत जे विचारलं नव्हतं ते विचारलं.

"त्या दिवशी काऊन थांबलीस वो?"

मला वाटलं होतं ती म्हणेल, तुझा मान होता म्हणून. मला ते ऐकायचं नव्हतं आणि ऐकायचंही होतं. ती पायरीवरचं शेवाळ नखानं खरवडत होती.

"मी नाई थांबली बाई," ती म्हणाली. "मी त निंगाली होती. मनानं पार घाटावर पोचली होती. काठ दिसला अन् हातच थांबले माहे."

म्हातारी माणसं जिला वळण म्हणत होती, ती ही गोष्ट. तिनं मला काही बहाल केलं नव्हतं, माझा मान राखला नव्हता. तिला जायचं होतं, सगळ्या जिवानिशी जायचं होतं, आणि तिच्याच हातांनी तिला जाऊ दिलं नाही. मला तेव्हा रडू आलं. तिनं माझ्या पाठीत धपाटा घातला. "कायले रडतेस? माही पोरगी शिकवीन न मी पुढं पोहाले."

पुढच्या वर्षी पावसाळ्यात तिला ताप आला. त्या भागात पावसाळ्यात ताप येतोच, तिनं दोन दिवस धानाच्या रोवणीत काढले. मग तो डोक्यात गेला. मला फोन आला तेव्हा मी वर्गात होते. गोंदियाच्या फलाटावर पॅसेंजरची वाट बघत मी बाकावर बसले होते, शेजारी एक बाई टोपलीतले पेरू नीट लावत होती, आणि मी तिच्याकडे एवढ्या लक्षपूर्वक बघत होते की तिनं मला एक फळ देऊ केलं. मी पोचले तेव्हा बहीण गेली होती. तिची पोरगी दारात बसून चष्म्याची रबरी पट्टी ताणत होती.

अस्थी आमच्या तलावात सोडायच्या असं बाबा म्हणाले. जावई मडकं घेऊन आले. माय-बाबा थकले होते, पाण्याचं अंग असलेली घरात मीच उरले होते. मडक्याला फडकं बांधून मी ते पाण्यावर ठेवलं आणि जेवणाची घागर ढकलायचो तसं पुढे ढकलत निघाले. खोडापर्यंत जायचं ठरवलं होतं. खोड तोवर अर्धं कुजलं होतं, पण होतं. मी हात मारत होते, मडकं माझ्या पुढे होतं. सराव सोडला तर माझी बहीण पहिल्यांदाच माझ्या पुढे पोहत होती. खोडापाशी मी फडकं सोडलं. राख जरा वेळ पाण्यावर राहिली आणि मग खाली गेली. परत येताना टाचेला काही लागणार नाही हे माहीत होतं, तरी मी दोनदा वळून पाहिलं.

घाटावर माय उभी होती. वाकून तिनं मला हात दिला आणि वर ओढलं. माझं अंग पुसता पुसता म्हणाली, "रडू नोको. पयले त्या काठावर पोचली न थे? आता तुले हात थेच देईल."

मायनं मला धीर द्यायला म्हटलं होतं. तिच्या दुःखापुढे माझं ते काय. पण मला राग आला, अजून येतो. काठ माझा होता. थोरली मी, पाणी मी फोडत आले होते, तिनं थांबायचं होतं, जशी ती सगळीकडे थांबली. आणि पुढे जा असं मी तिला म्हटलं होतं, ओरडून म्हटलं होतं. पण ते त्या वीस हातांसाठी.

तिची पोरगी आता माझ्याकडे शिकायला आहे. सुट्टीत आम्ही तलावावर जातो. मी तिला माझ्या मागे पोहू देत नाही.